इंग्लंडच्या बाजारगावांचे जुने फोटो : गाव आणि साल कसं ओळखायचं?

नवीपेठकर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाकडे रद्दीतून वाचलेला एक अल्बम आलाय. त्यात पोस्टकार्डं आहेत, काही सुटे फोटो आहेत, आणि सगळे इंग्लंडमधले. दोन-तीन कार्डांवर पत्ता ‘शोलापूर, इंडिया’ असा आहे, म्हणजे इथल्या कुठल्या तरी गिरणीतल्या नाहीतर कॅम्पातल्या साहेबाचा असणार. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापूरच्या जुन्या पेठांच्या फोटोंशेजारी हे लावायचा विचार आहे. पण खाली लिहायचं काय? बहुतेक फोटोंवर गावाचं नाव नाही.

मुख्य फोटो चार :

अ – रस्त्यावर आडवी तुळई, या बाजूच्या इमारतीपासून त्या बाजूपर्यंत. तुळईवर अक्षरं. मागे रस्ता उतरून पुन्हा चढतो, वर चर्चचं टोकदार शिखर.

ब – पोस्टकार्ड. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लाकडी इमारत, खांबांवर उभी, खालचा मजला सगळा मोकळा. मागे पाचव्या जॉर्जचं लाल एक पेनीचं तिकीट, शिक्का पुसट. पत्ता सोलापूरचा.

क – उताराचा रस्ता. पबच्या पाटीवर पांढरं हरीण. शेजारी मोठं कमानीचं दार, पुढे एक मोटार उभी.

ड – गावचा चौक, मधोमध दगडी क्रॉस, मागे दुकानं आणि पब. धुराड्यांवर इंग्रजी एच अक्षरासारखं काहीतरी.

गाव आणि साल कसं काढायचं, आणि पबबद्दल खरी माहिती काय लिहायची, एवढं सांगा.

---

धागेमोजणी

आधी स्कॅन, मग तर्क. फोटो बघून मोबाईलवर बोटं ताणत बसलात तर हाती काही लागणार नाही.

कापडाचे धागे मोजायचा पिक ग्लास सोलापुरात कुठल्याही चादरीच्या कारखान्यात मिळेल. तो कार्डावर ठेवा. एकसारखे रांगेतले ठिपके दिसले तर ते छापील कार्ड. ते ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केलं की पुरे. त्यावर गेलात तर ठिपकेच मोठे होतील, माहिती वाढणार नाही. ठिपके नसून वेड्यावाकड्या सुरकुत्यांसारखं बारीक दाणं दिसलं तर ती कोलोटाइप छपाई, तिथंही मर्यादा तीच. पण भिंगाखाली ठिपकाच नाही, करड्या छटा सलग मिसळलेल्या आहेत आणि कडेला तिरपं धरल्यावर चांदीसारखी झाक दिसते, तर तो खरा फोटो, कार्डाच्या कागदावर छापलेला. तो मात्र १२०० डीपीआयवर घ्या. खऱ्या फोटोत दारावरची बोटभर पाटीसुद्धा वाचता येते. स्कॅन टिफ फाईलमध्ये ठेवा. जेपेग परत परत सेव्ह केली की आधी बारीक अक्षरंच फुटतात.

आता साल. नियम एकच : फोटोत जी वस्तू सगळ्यात उशिरा आली, तिच्या आधीचा तो फोटो असू शकत नाही. बाकी सगळं जुनं दिसलं तरी त्याला महत्त्व नाही, कारण इंग्लंडच्या बाजारगावात चारशे वर्षांची इमारत आणि कालची मोटार एकाच चौकटीत सहज सापडते. म्हणून इमारती सोडा, रस्त्यावरच्या किरकोळ गोष्टी बघा.

मोटारीला नंबरपाटी १ जानेवारी १९०४ पासून सक्तीची. आधी एक-दोन अक्षरं आणि पुढे चारपर्यंत आकडे. तीन अक्षरं-तीन आकडे ही पद्धत १९३२ मध्ये सुरू झाली, म्हणजे तीन अक्षरं दिसली की फोटो त्यानंतरचा. शेवटी वर्षाचं अक्षर लागायला १९६३ उजाडलं. लाल टेलिफोनची खोपटी छोट्या गावात दिसते ती बहुतेक १९३६ नंतरची. त्याआधीची १९२६ ची मोठी खोपटी मुख्यतः लंडनातच लागली. फुटपाथच्या कडेला काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा असेल तर १९३४-३५ नंतर, आणि त्याच जागी रस्त्यावर पांढरे पट्टे असतील तर १९५१ नंतर. फुटपाथच्या कडा, झाडांचे बुंधे आणि दिव्याचे खांब पांढरे रंगवलेले दिसले तर दुसऱ्या महायुद्धातला ब्लॅकआऊट समजा, मात्र तो रंग पुढे काही वर्षं पुसट टिकून असायचा. दिशादर्शक पाट्या १९४० मध्ये काढून टाकल्या होत्या, शत्रू उतरलाच तर वाट सापडू नये म्हणून.

‘ड’मधलं एच म्हणजे टीव्हीचा अँटेना. लंडनच्या आसपास टीव्ही १९३६ पासून होता, पण मिडलंड्समध्ये (मध्य इंग्लंडात) प्रक्षेपण डिसेंबर १९४९ ला आणि उत्तरेत ऑक्टोबर १९५१ ला सुरू झालं. म्हणजे ‘ड’ लंडनच्या आसपासचा नसेल तर महायुद्धानंतरचा. सप्टेंबर १९५५ पासून दुसरं चॅनल आलं, आधी लंडनला, १९५६ मध्ये मिडलंड्स आणि उत्तरेला. त्याचा अँटेना शिडीसारखा, अनेक काड्यांचा असतो. छपरावर नुसते एच दिसतायत आणि शिडी एकही नाही, तर पन्नासच्या दशकाचा पूर्वार्ध धरा.

---

जुना_टपाल्या

‘ब’बद्दल : इंग्लंडात पोस्टकार्डाला आधी अर्धी पेनी पडायची, ३ जून १९१८ पासून एक पेनी झाली. तुमच्या कार्डावर लाल एक पेनी आहे, म्हणजे १९१८ नंतरचं.

---

बाजारहाट

टपाल्या साहेब, हा नियम इंग्लंडातल्या इंग्लंडात. परदेशी, म्हणजे हिंदुस्थानात येणाऱ्या कार्डाला १८९०च्या दशकापासूनच एक पेनी लागत होती. तेव्हा सोलापूरच्या पत्त्यावर लाल पेनी दिसली की त्यावरून १९१८ ठरवता येत नाही. पाचव्या जॉर्जची तिकिटं २२ जून १९११ ला निघाली, एवढंच पक्कं. मागच्या बाजूला मधे उभी रेघ, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता असेल तर कार्ड १९०२ नंतरचं. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा आणि मजकूर चित्राच्या बाजूला कोंबायचा. अल्बममधल्या ज्या कार्डांचे पत्ते इंग्लंडातलेच आहेत, त्यांना अर्ध्या पेनीची कसोटी बिनधास्त लावा.

आणि शिक्का वाचता आला तरी ती टाकल्याची तारीख. काढल्याची नव्हे. प्रकाशक एकच निगेटिव्ह दहा-दहा वर्षं वापरायचे.

आता गावं. ‘अ’ जवळजवळ नक्की स्टॅमफर्ड, लिंकनशर. तुळई ‘द जॉर्ज’ या हॉटेलची, लंडनहून यॉर्ककडे जाणाऱ्या जुन्या ग्रेट नॉर्थ रोडवर आडवी. रस्ता वेलंड नदीच्या पुलाकडे उतरतो आणि पलीकडे चढणीवर सेंट मेरी चर्चचं शिखर दिसतं. तुमचं वर्णन तेच आहे. अशी आडवी तुळई इंग्लंडात आणखी थोड्या ठिकाणी आहे, म्हणून खात्री करून घ्या. तुळईवर कोल्हा, कुत्री आणि शिकारी पळताना दिसले तर ते हर्टफर्डशरमधलं बार्ली गाव. तुळई अगदी अरुंद गल्लीवर असेल आणि अक्षरात ‘स्टार’ असेल तर यॉर्कची स्टोनगेट. रुंद रस्ता, फिकट चुनखडीच्या इमारती आणि अक्षरात ‘जॉर्ज’ असेल तर वाद नाही. जॉर्जच्या दाराशी आत दोन खोल्या आहेत, एकीवर ‘लंडन’ आणि एकीवर ‘यॉर्क’, कुठल्या दिशेच्या गाडीची वाट बघताय त्याप्रमाणे बसायचं. खाली लिहायला हे चांगलं आहे. या रस्त्याची सगळी वर्दळ १९६० पर्यंत त्या तुळईखालून जायची, मग हा रस्ता (ए-वन) गावाबाहेरून काढला. फोटोत लांबच्या पल्ल्याचे ट्रक रांगेने असतील तर त्याआधीचा समजायला हरकत नाही.

‘ब’ला लेडबरी हा पहिला अंदाज, हेरफर्डशर. लाकडी सांगाड्याचं मार्केट हाऊस, सतराव्या शतकातलं, खाली मोकळ्या जागेत बाजार आणि वर धान्य साठवायची खोली. पण खांब तपासा. लाकडाचे उभे सोट असतील तर लेडबरी. खांब दगडी आणि जाडजूड, भिंत पिवळसर रंगाची असेल तर टेटबरी, १६५५ चं. दगडी कमानी आणि वर लाल दगड असेल तर रॉस-ऑन-वाय. इमारत आठकोनी असेल आणि वर निमुळतं छप्पर असेल तर नॉरफोकमधलं विंडम, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आग लागून गेल्यावर बांधलेलं.

‘क’साठी पांढऱ्या हरणाचा काहीच उपयोग नाही. व्हाइट हार्ट म्हणजे दुसऱ्या रिचर्ड राजाचं चिन्ह, हरणाच्या गळ्यात सोन्याची साखळी. १३९३ ला त्याच्या काळात दारू विकणाऱ्यांना बाहेर पाटी लावायची सक्ती झाली आणि राजाचं चिन्ह लावणं सोयीचं ठरलं. आज प्रत्येक दुसऱ्या गावात एक व्हाइट हार्ट आहे. रेड लायन आणि रॉयल ओकचं तेच. रॉयल ओक म्हणजे १६५१ ला वूस्टरच्या लढाईनंतर दुसरा चार्ल्स ज्या ओकच्या झाडात लपला ते झाड. नावावरून पब त्या काळातला ठरवू नका, नावं बदलतात. उलट दिशेने मात्र नाव कामाला येतं : ‘रेल्वे टॅव्हर्न’ रेल्वेच्या आधी असू शकत नाही, ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ त्या सेनापतीच्या आधी नाही.

‘क’ मोठा करून तीन गोष्टी वाचा. एक, दाराच्या वरच्या पट्टीवरचं नाव. परवानाधारकाचं नाव आणि काय विकायची परवानगी आहे ते दारावर रंगवणं कायद्याने बंधनकारक होतं : ‘लायसन्स्ड टू सेल बिअर, वाइन्स, स्पिरिट्स अँड टोबॅको’. अक्षरं बारीक असतात, पण खऱ्या फोटोत निघतात. दोन, खिडकीच्या काचेवर किंवा भिंतीवर दारूभट्टीचं नाव. तीन, मोटारीचा नंबर.

---

कागदकीड

मूळ कार्डं प्रदर्शनात लावू नका. प्रिंट काढा, मूळ आत ठेवा. आणि फोटो स्टुडिओवाला लॅमिनेशन करून देतो म्हणाला तर दारातूनच परत या. उष्णतेने इमल्शनच, म्हणजे चित्र धरून ठेवणारा वरचा थर, वितळतं आणि चिकटलेलं प्लास्टिक नंतर निघत नाही. साधी पीव्हीसीची पाकिटं पण नकोत. दोन-तीन उन्हाळ्यांत चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात एकेक कार्ड ठेवा.

अल्बमच्या पानाला चिकटवलेलं असेल तर ओढू नका, पाणी लावू नका. कोपऱ्यांत अडकवलेलं असेल तरच काढा आणि मागची बाजू स्कॅन करा. सोलापूरच्या मे महिन्यात कागद इतका कोरडा पडतो की वळलेलं कार्ड सरळ करायला गेलं की तडकतं. वाकलेलं असेल तर तसंच स्कॅन करा, वरून हाताने दाबू नका. कपाट भिंतीला टेकवलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, वाळवी भिंतीतून येते.

---

उत्तरायण

सावल्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आपण सोलापुरात, सुमारे साडेसतरा अंशांवर. मे महिन्यात आणि जुलैअखेरीस सूर्य आपल्या डोक्यावर येतो, मधल्या काळात तर उत्तरेकडून जातो. त्यामुळे फोटोतल्या सावलीवरून दिशा काढायची आपल्याला सवय नसते. इंग्लंडात तसं नाही. तिथं दुपारी बारा वाजता सूर्य नेहमी दक्षिणेलाच. ५२ अंशांवरच्या गावात जूनमध्ये दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ६१ अंश वर जातो, डिसेंबरात १५ अंशांच्या आसपास. दुपारच्या सावल्या कायम उत्तरेकडे.

म्हणून फोटोत पबच्या दर्शनी भिंतीवर लख्ख ऊन असेल तर ती भिंत पूर्व, दक्षिण किंवा पश्चिमेकडे तोंड करून आहे. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन मिळतं ते फक्त उन्हाळ्यात, तेही अगदी सकाळी किंवा संध्याकाळी, भिंतीला घासून जाणारं. समोरच्या चर्चच्या घड्याळात वेळ वाचता आली तर दिशा दहा-पंधरा अंशांच्या फरकाने काढता येते. उदाहरणार्थ घड्याळात सव्वाअकरा, सावली भिंतीपासून जवळजवळ काटकोनात बाहेर पडते, म्हणजे भिंत उत्तरेकडची आणि रस्ता साधारण पूर्व-पश्चिम. २१ मे १९१६ पासून उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करायची पद्धत आली, त्यानंतरच्या उन्हाळी फोटोत तेवढा तास वजा करा.

एवढी दिशा हाती आली की नकाशावर निम्मी गावं बाद होतात. उतार कुठल्या बाजूला हे ‘क’ मध्ये आधीच दिसतंय.

---

नवीपेठकर

फार उपयोग झाला. ‘क’ खरा फोटो निघाला. १२०० वर स्कॅन केल्यावर मोटारीची पाटी ए आर ने सुरू होते, पुढे चार आकडे. खिडकीवर ‘बेन्स्किन्स’ असं वाचता येतंय. दारावरचं नाव दिव्याच्या ब्रॅकेटमागे गेलंय. रस्ता चांगलाच उताराचा आहे, पबच्या एका टोकाला उंबरा जमिनीला आणि दुसऱ्या टोकाला तीन पायऱ्या. ‘ब’चे खांब लाकडाचेच.

आणखी एक. बऱ्याच फोटोंत पबच्या दाराबाहेर मुलं घोळक्याने उभी दिसतात, आत एकही नाही. हे कॅमेऱ्यासाठी का?

---

बाजारहाट

‘ब’ लेडबरी धरा मग.

‘क’ : पाटीवरची अक्षरं मोटार जिथं नोंदली त्या जिल्ह्याची असायची; ए आर म्हणजे हर्टफर्डशर. बेन्स्किन्स ही वॉटफर्डची दारूभट्टी, तोच जिल्हा. भट्टीचं नाव हा गाव शोधायचा सगळ्यात भरवशाचा धागा, कारण इंग्लंडातले बरेचसे पब कुठल्या ना कुठल्या भट्टीच्या मालकीचे असायचे आणि भट्टी आपला माल घोडागाडी जाईल तेवढ्याच टापूत पुरवायची. मॅकमलन म्हणजे हर्टफर्ड, ग्रीन किंग म्हणजे बरी सेंट एडमंड्स, अॅडनम्स म्हणजे साउथवोल्ड, वॉडवर्थ म्हणजे डिव्हायझेस, शेफर्ड नीम म्हणजे फेव्हरशॅम, हार्वीज म्हणजे लुईस. लाल त्रिकोणाच्या ‘बास’वर मात्र भिस्त ठेवू नका, ते बर्टनचं आणि देशभर जायचं. १८७६ ला ब्रिटनमधली पहिली नोंदणीकृत व्यापारखूण तीच.

हर्टफर्डशरमध्ये व्हाइट हार्ट नावाचे पब हर्टफर्ड, हेमेल हेम्पस्टेड, सेंट ऑल्बन्स अशा गावांत आहेत. खडा उतार म्हटला की आधी सेंट ऑल्बन्सची हॉलीवेल हिल डोळ्यापुढे येते, तिथला व्हाइट हार्ट लाकडी सांगाड्याचा जुना इन, म्हणजे मुक्कामाची सराई आहे. पण थांबा. मोटार त्याच गावची असेल असं नाही, आणि भट्टीचे पब शेजारच्या जिल्ह्यांतही असत. पक्कं करायचं तर ब्रिटिश ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे उघडा; स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मैलाला पंचवीस इंची पट्टीवर प्रत्येक घराची रेघ दिसते. ‘पी एच’ म्हणजे पब्लिक हाऊस, ‘बी एच’ म्हणजे बिअर हाऊस, ‘पी’ म्हणजे पाण्याचा पंप. चार हजारांवर वस्ती असलेल्या गावांचे १:५०० चे नकाशेही निघाले होते, त्यात दिव्याचा खांबसुद्धा दाखवलाय. फोटोतलं कमानीचं दार नकाशात इमारतीला आरपार गेलेल्या वाटेसारखं दिसतं. कमान इमारतीच्या डाव्या टोकाला की मधे, एवढं जुळवा. बहुतेक वेळा तिथंच निकाल लागतो.

दारावरचं नाव पुढेमागे वाचता आलं तर लेस्टर विद्यापीठाने स्कॅन केलेल्या जुन्या व्यापारी डिरेक्टरी आहेत, केली, पिगट वगैरे, त्याही फुकट. पूर्ण परवान्याचा पब तिथं नावासकट सापडतो. छोटा बिअर हाऊस मात्र ‘बिअर रिटेलर’ म्हणून नुसत्या माणसाच्या नावाखाली असतो, पबचं नाव शोधत बसलात तर मिळणार नाही. हे बिअर हाऊस १८३० च्या कायद्याने निघाले : दोन गिनी भरा आणि घराच्या पुढच्या खोलीत बिअर विका, मॅजिस्ट्रेटची परवानगी नको. १८६९ ला परवानगी पुन्हा लागू झाली. १९०४ च्या कायद्याने जास्तीचे पब बंद करून मालकांना भरपाई दिली, तीही उरलेल्या पबांकडून वर्गणी गोळा करून. म्हणून १९०० च्या नकाशात असलेला पब १९२० च्या डिरेक्टरीत नसेल तर गाव चुकलं असं लगेच समजू नका.

त्याच डिरेक्टरीत शेवटी गाडीवानांची यादी असते : कुठल्या खेड्याची गाडी, कुठल्या वारी, कुठल्या इनच्या आवारात लागते. बाजारगाव म्हणजे राजाच्या सनदेने आठवडे बाजाराचा वार बांधून मिळालेलं गाव, आणि खेड्यातली माणसं त्या वारी ज्या आवारात उतरत तो पब त्यांचा अड्डा. फोटोत पबसमोर कापडी छताच्या एका घोड्याच्या गाड्या रांगेने दिसल्या तर तो बाजाराचा वार. यादीतल्या वाराशी पडताळा जमतो.

मुलांचं : १९०८ च्या बालकायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना बारमध्ये शिरायला बंदी झाली, अंमल १९०९ पासून. त्यानंतर आईबाप आत आणि पोरं दाराशी, हे नेहमीचं दृश्य. त्याआधी घरची बिअर आणायला मुलांनाच धाडायचे. १९०१ पासून चौदाखालच्यांना ती सीलबंद बाटलीतच द्यायची असा नियम झाला, वाटेत घोट घेऊ नयेत म्हणून. काही पबच्या काचेवर ‘जग अँड बॉटल’ कोरलेलं दिसेल. ती घरी न्यायच्या बिअरची खिडकी. ‘पब्लिक बार’ म्हणजे उघड्या फळ्यांची जमीन, कामकऱ्यांचा भाग. ‘सलून’ म्हणजे गालिचा, गाद्या आणि त्याच बिअरला जरा जास्त पैसे. कॅमेरा दिसला की पोरं गोळा होतात हेही खरंच, तिथं काय आणि आपल्या मंगळवार पेठेत काय.

---

उत्तरायण

दुपारी पबचं दार बंद दिसलं तर तो ओस पडलाय असं लिहू नका. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, दुपारी काही तास पब बंद ठेवायची सक्ती आली आणि ती १९८८ पर्यंत टिकली. बाजाराच्या वारी मात्र बाजाराला आलेल्यांसाठी आजूबाजूच्या पबना मॅजिस्ट्रेट सूट देऊ शकत. म्हणजे त्या बंद तासांतली सावली आणि उघडं दार एकत्र दिसलं, तर फोटो एकतर १९१५ च्या आधीचा नाहीतर बाजारच्या दिवसाचा.

---

रंगसफेदी

इमारतींबद्दल थोडं, कारण प्रदर्शनात लोक तेच विचारणार.

पुढची भिंत विटांची, खिडक्या एका ओळीत, वर सरळ कंगोरा. पण बाजूला गल्लीत डोकावलं तर छप्पर उंच आणि तिरपं, वरचा मजला पुढे आलेला. असं दिसलं तर ती जुनी लाकडी इमारत, अठराव्या शतकात पुढून नवा मुखवटा चढवलेली. बाजारगावच्या मुख्य रस्त्यावर निम्म्या इमारती अशा असतात. खाली ‘अठराव्या शतकातला पब’ असं लिहिलंत तर जाणकार हसतील, ‘दर्शनी भिंत अठराव्या शतकातली’ असं लिहा.

काळे-पांढरे पट्टे दिसले म्हणून जुनं असंही नाही. विटांवर लाकडी फळ्या ठोकून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला पुष्कळ पब ‘जुने’ करून घेतलेत. खरं लाकूड वाकडंतिकडं, जाडी कमीजास्त, सांध्यात लाकडी खुंट्या ठोकलेल्या. खोटं सरळ, एकसारखं, खुंटी नाही.

विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की सगळे खिडकीकराची गोष्ट सांगतात. कर खरा, १६९६ ते १८५१. पण कित्येक बुजवलेल्या खिडक्या पहिल्यापासून तशाच बांधलेल्या, आत धुराडं किंवा भिंत असली तरी बाहेरून ओळ जुळावी म्हणून. खात्री नसेल तर कराचा उल्लेख गाळा.

कमानीचं दार एवढं उंच का, तर घोड्यांची टपालगाडी आत आवारात जायची, छपरावर बसलेल्या उतारूंसकट. टपाल नेणाऱ्या गाड्या १७८४ ला ब्रिस्टल-लंडन रस्त्यावर सुरू झाल्या. दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलायचे, म्हणून मोठ्या रस्त्यावर तेवढ्या तेवढ्या अंतरावर असे इन दिसतात. रेल्वे आली, १८३८ ला लंडन-बर्मिंगहॅम पूर्ण झाली, आणि आठ-दहा वर्षांत त्या रस्त्यांवरच्या तबेल्यांची गाडीखाने, गुदामं झाली. त्यानंतरच्या फोटोत कमानीवर ‘पोस्टिंग हाऊस’ अशी जुनी अक्षरं तशीच राहिलेली असतात. तीही साल ठरवायला निरुपयोगी.

‘ड’चा क्रॉस नीट बघा. पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्या असतील तर जुना मार्केट क्रॉस. कडा धारदार आणि चबुतऱ्यावर नावांची यादी कोरलेली असेल तर पहिल्या महायुद्धाचं स्मारक, बहुधा १९१९ ते १९२५ मधलं. चौक तोच, पण मजकूर पार वेगळा होतो.

---

नवीपेठकर

क्रॉसवर नावं आहेत, वाचता येत नाहीत. मग स्मारकच. खालचा मजकूर किती लांब असावा? एखादा नमुना द्याल का?

---

धागेमोजणी

चाळीस-पन्नास शब्द. उभ्याउभ्या वाचणारा त्यापेक्षा जास्त थांबत नाही. जे दिसतंय ते आधी, जे काढलं ते नंतर, आणि कशावरून काढलं ते एका वाक्यात. ‘क’साठी असं काहीतरी :

‘व्हाइट हार्ट, बहुधा हर्टफर्डशर परगणा, इंग्लंड. मोटारीच्या पाटीवरची अक्षरं आणि खिडकीवरचं वॉटफर्डच्या दारूभट्टीचं नाव यांवरून. फोटो १९०४ नंतरचा. डावीकडचं उंच कमानीचं दार घोडागाड्यांसाठी. आत आवार आणि तबेले. पाटीवरचं साखळी घातलेलं हरीण हे दुसऱ्या रिचर्ड राजाचं चिन्ह.’

कमान उजवीकडे असेल तर तसं करा. गाव नकाशावर जुळलं तरच सेंट ऑल्बन्स लिहा. जुळलं तर एक भर घाला : ऑगस्ट १७४६ मध्ये होगार्थ या चित्रकाराने लॉर्ड लोव्हॅट या बंडखोर स्कॉटिश सरदाराचं चित्र याच इनमध्ये रेखाटलं, लोव्हॅटला कैद करून लंडनला नेत होते तेव्हा. आणि सेंट ऑल्बन्सला १८७७ पासून शहराचा दर्जा आहे, बाजार बुधवारी आणि शनिवारी.

‘ड’चं गाव स्मारकावरून निघायची शक्यता चांगली आहे. ब्रिटनमधल्या युद्धस्मारकांची फोटोंसकट नोंद इम्पीरियल वॉर म्युझियमने केलीय, तिथं क्रॉसचा आकार, पायऱ्यांची संख्या आणि मागची इमारत बघून शोधता येतं. आपल्या स्कॅनमधून आधी चबुतऱ्याला कोपरे किती आहेत ते मोजून घ्या, सहा की आठ. यादी निम्म्यावर येते.

आणि प्रत्येक फाईलच्या नावात अल्बमचं पान आणि पानावरची जागा टाका, ‘पान ७ वरचा डावा’ असं. शेजारी-शेजारी चिकटवलेले फोटो बहुधा एकाच फेरीतले असतात. एकाचं गाव लागलं की शेजारचंही लागतं.

---

कागदकीड

प्रिंट फ्लेक्सवर नको. मॅट फोटो पेपरवर काढा आणि पाच मिलिमीटर फोमशीटवर चढवा. वाचनालयात पश्चिमेला खिडकी असेल तर तिच्यासमोरची भिंत सोडा. जानेवारीत सूर्य खाली असतो, दुपारी तीननंतर ऊन थेट खिडकीतून आत येतं आणि चमकदार कागदावर काही दिसत नाही.